चांगल्या घरातल्यांनीही एचआयव्हीची टेस्ट करायची

आज चाकणला आमच्या कंपनीत आरोग्य तपासणी होती. माझा नंबर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "एचआयव्हीची टेस्ट करता का?"

मागच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टर हसले. "ताई, तुम्हाला कशाला? चांगल्या घरातल्या दिसता."

माझं डोकंच फिरलं. माझ्या दादालाही सगळे चांगल्या घरातलाच समजत होते. वर्षभर ताप, खोकला, वजन उतरत चाललेलं, पण एकाही डॉक्टरनं ही टेस्ट सांगितली नाही. टीबीनं पार आडवा झाला तेव्हा कुठं एचआयव्ही असल्याचं कळलं. आता गोळ्यांनी तो सावरलाय, पण तोवर आजार डोळ्यापर्यंत पोचला होता, एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

हे मी तिथंच मोठ्यानं सांगितलं. दादानंच सांगून ठेवलंय, "बिनधास्त बोल. मी काय चोरी केलीय?"

डॉक्टर ओशाळले. म्हणाले, सरकारी दवाखान्यात फुकट होते. कंपनीत माझ्याच लाइनवर काम करणारी शोभाताई मागून म्हणाली, "शिफ्ट सुटली की जाऊ. मी बी येते."

आणखी दोघी तयार झाल्या, आम्ही चौघी गेलो. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाकीच्यांचा मी विचारला नाही, तुम्हीही विचारू नका.

उद्या कंपनीत कुजबुज होईल. खुशाल होऊ दे. तुम्ही कधी जाताय टेस्टला?