जाड आवाजाचा सायलेन्सर

आमच्या पिकअपला जाड आवाजाचा सायलेन्सर माझ्या मुलानं हौसेनं बसवला, असं औंढ्यात आता सगळं गाव धरून चालतं. माझा पुतण्या तर त्यावरून अजून त्याच्याशी बोलत नाही. तो सायलेन्सर मी निवडला. मुलगा त्या दिवशी वावरात भात कापत होता.

थोरला भाऊ गेल्यावर वहिनी घराच्या अर्ध्या भागात एकट्या राहत. घर एकच, मधे मातीची भिंत. रस्त्याकडचा भाग त्यांचा, मागचा आमचा. लोणावळ्याची गर्दी चुकवणाऱ्या गाड्या आमच्या गावातून जायला लागल्या आणि मला त्या रस्त्याकडच्या भागात जेवणाचं हॉटेल दिसायला लागलं. पुतण्या तळेगावला कंपनीत होता, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. आईनं आपल्याकडे यावं, जागा काकांनी वापरावी, याला त्याची ना नव्हती. ना होती ती वहिनींची. "मला हितंच बरं हाय," एवढंच त्या म्हणत.

मी गोड बोलून पाहिलं, मग ओरडून पाहिलं. ओरडून उपयोग नव्हता, कारण वहिनींना ऐकू कमी यायचं. बारीक आवाज तर मुळीच नाही. कुकरची शिट्टी, फोन, दारातली हाक, सगळं वाया. पण रुळांवरून मालगाडी घाटाकडे निघाली की भांडी घासता घासता त्यांचा हात थांबे. "गेली बगा. पायाला कळती," असं त्या हसून सांगत.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पिकअपचा सायलेन्सर गंजून फुटला तेव्हा ते कामाला आलं.

कार्ल्याच्या फाट्यापुढे एक वेल्डिंगवाला होता. त्यानं आधी कंपनीसारखा साधा सायलेन्सर दाखवला. मी म्हणालो, "आवाज पाहिजे."

"आबा, या वयात?" तो हसला. "फटफटणारा देऊ का घुमणारा?"

"घुमणारा. जाड."

त्यानं तीन सायलेन्सर पाळीपाळीनं लावून गाडी चालू केली. पहिला नुसता कर्कश होता. मी दुकानाच्या मागं गेलो आणि पत्र्याच्या भिंतीला तळहात लावून उभा राहिलो.

"अहो आबा, लोक गाडीच्या मागं उभं राहून ऐकतात, तुमी भिंतीच्या मागं?"

"तू रेस दे."

तिसरा होता एका जुन्या ट्रकचा, आवाज दाबणारी पोटातली जाळी काढलेला. त्याचा आवाज कानाला फार नव्हता. पण पत्रा कोपरापर्यंत थरथरला, पायाखालची जमीनही. मी म्हणालो, "हा बसव." वेल्डिंगवाल्यानं बजावलं की पोलीस धरतील. मी म्हणालो, धरू देत.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी उलटी लावायला लागलो, सायलेन्सरचं तोंड वहिनींच्या भिंतीकडे. उजाडता उजाडता चालू करायची आणि इंजिन तापू द्यायचं. मुलगा म्हणाला, "आबा, एवढं कशाला तापवायचं?" मी म्हटलं, "डिझेल माझं हाय." भिंतीचे पोपडे वहिनींच्या पिठाच्या डब्यात पडत. मांडणीवरची भांडी सरकत सरकत कडेला येत. मला वाटलं, आठवडाभरात बाई तळेगावला फोन लावतील.

चौथ्या का पाचव्या सकाळी वहिनी चहाचा कप घेऊन गाडीपाशी आल्या. धुरात उभ्या राहून, बहिऱ्या माणसासारख्या मोठ्यांदा म्हणाल्या, "भाऊजी, लय ग्वाड काम केलंत!"

मला काही समजेना.

"माज्या कानाचा इचार केलात. आता तुमी उठला की मला कळतं. भित्ताडाला पाठ लावून बसते मी. घरात माणूस हाय असं वाटतं."

बहिऱ्या भावजयीसाठी दिरानं गाडीला मोठा आवाज बसवला, हे त्यांनी नळावर, गिरणीत, देवळापुढं, सगळीकडं सांगितलं. बायका माझं कौतुक करायला लागल्या. आणि खोटंही नव्हतं ते, तो आवाज मी त्यांच्यासाठीच निवडला होता. मी चहा प्यायलो आणि म्हणालो, "मग आणि कुणासाठी, वहिनी?" दुसऱ्या दिवशी गाडी आणखी जास्त वेळ चालू ठेवली.

पुढं लोणावळ्यात पोलिसांनी गाडी धरली तेव्हा मुलगा चालवत होता. घरी येऊन तो चिडला. मी त्याला सांगितलं, "तूच बसवलाय म्हण. पोरांना शोभतं." त्यानं मान खाली घातली. माझ्यासमोर तो लहानपणापासून तशीच घालत आला आहे.

मग एका सकाळी मांडणीवरचा पितळेचा हंडा वहिनींच्या पायावर पडला. बोटं मोडली. त्या म्हणत राहिल्या, "मांजरानं पाडला." पण पुतण्या आला, भिंत पाहिली, सायलेन्सरचं तोंड पाहिलं आणि सरळ माझ्या मुलाची कॉलर धरली.

"पोरींना दाखवायला लावलास व्हय रं हा भोंगा? माझी आई मेली असती!"

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. आजकालची पोरं ऐकतात का?"

वहिनी बाजेवरून ओरडत होत्या, "गाडीला काय बोलू नका! भाऊजींनी माज्यासाठी केलंय!" पुतण्या म्हणाला, "आईचं आता डोकंही चालत नाही." पुढं गावानंही तेच धरलं, भोंगा पोराचा आणि म्हातारीचं बोलणं भ्रमाचं. पाय मोडलेल्या म्हातारीला एकटं ठेवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही पटलं. मला जरा आधीच पटलं होतं.

सामान पिकअपमध्ये भरलं. वहिनी माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या, पाय उशीवर. पुतण्या मोटरसायकलवर पुढं गेला. वहिनींनी दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर टेकवले आणि तळेगाव येईपर्यंत काढले नाहीत. कामशेतच्या पुढं म्हणाल्या, "तितं तुमी आलेलं मला कसं कळायचं?"

"खाली गाडी चालू ठेवीन."

"कितव्या मजल्यापर्यंत येईल हो आवाज?"

"येईल," मी म्हणालो. फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. मी त्यांना तिथं सोडलं, त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या, आणि मी एकदाही गेलो नाही. पुतण्याची बायको सांगायची की त्या खिडकीखाली फरशीवर तळवे टेकवून बसतात. वेड लागलंय, असं ती म्हणायची. मी हो म्हणायचो.

त्या दिवशी तळेगावहून परत आलो तेव्हा वहिनींच्या भागावरची अर्धी कौलं उतरलेली होती. माणसं मी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती.