नको भाऊ, आमाला लागत न्हाई

बोरी बुद्रुकच्या एका मावशींवर गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता अन्याय झाला. त्यांच्या उसाजवळ बिबट्या दिसल्याची पोस्ट गावाच्या फेसबुक पेजवर आली, पण लॉटरीच्या आणि वजन घटवायच्या फसव्या पोस्टींखाली ती गाडली गेली. मावशी शेळ्या घेऊन तिकडेच निघाल्या होत्या. शेजाऱ्याने हाक मारली म्हणून वाचल्या. फोनला लॉटरी दिसते, बिबट्या दिसत नाही!

जुन्नरहून निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी बसून त्यांनी हे हसत हसत सांगितलं. सांगताना एका बोटाने प्रत्येक फसव्या पोस्टखाली लिहीत होत्या, "नको भाऊ, आमाला लागत न्हाई."

"मावशी, उत्तर दिलं की असलंच जास्त येतं!" मी वैतागले.

"आगं पोरी, दारात आल्याला उत्तर न देता कसं घालवायचं?"

मी फसव्या पोस्टची तक्रार करायचं रिपोर्टचं बटण दाखवलं. मग बोरी येईपर्यंत त्या एकेक पोस्ट उडवत राहिल्या आणि प्रत्येकीला मोठ्याने निरोप देत राहिल्या, "या आता, पावणं!" अख्खी एसटी हसत होती.

तुम्ही मात्र अशा पोस्टवरून नुसतं बोट सरकवता. आत्ता फोन काढा आणि तुमच्या गावाच्या पेजवरचा एक तरी पाहुणा घालवा.