थुंकी द्यायच्या आधी भरलेली चूळ

थांबा थांबा, हातातलं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर पोट फुटेल माझं!

कोरोनाचे दिवस. आमचं ऑफिस नुकतंच पुन्हा उघडलेलं. एक दिवस कॅन्टीनमध्ये टेबलं मांडली. एका नव्या किटची परीक्षा होती म्हणे. थुंकी द्यायची, पंधरा मिनिटांत निकाल. खोकला नाही, ताप नाही, अशा माणसातही व्हायरस सापडतो का, ते बघायचं होतं. म्हणून थुंकी घेणार आणि नाकात काडीही घालणार. नाकाचा रिपोर्ट लॅबमधून दुसऱ्या दिवशी, मग दोन्ही ताडून बघायचे.

मी उड्या मारत नाव दिलं. कारण त्याच संध्याकाळी माझी अमरावतीची बस होती. ताईचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं, काचेच्या पेटीतून नुकतंच घरी आलेलं. निगेटिव्ह आले की बाळ थेट माझ्या मांडीवर!

टेस्टवाल्या मॅडमनी बजावलं, "अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही." ऐकलं की आम्ही! पण परक्या बाईच्या हातात आपली थुंकी द्यायची, आणि तोंडाला लसणाच्या चटणीचा वास? लाज वाटते हो. नंबर यायच्या आधी जो तो बेसिनवर. खळखळून चुळा! टीम लीडने तर पंगतीतून उठल्यासारख्या गुळण्या केल्या. एरवी रस्ते रंगवणाऱ्या या शहरात इतकी स्वच्छ थुंकी कधी कुणी काढली नसेल.

अख्खं ऑफिस निगेटिव्ह!

कसब्यातल्या खोलीवर येऊन बॅग भरली. जिन्यात घरमालकीण काकू.

"निघालीस?"

"हो काकू, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह!"

"आणि नाकाचा?"

"तो उद्या येईल."

"मग बाळ काय उद्यापर्यंत म्हातारं होणारे?"

असा राग आला ना! पण पाय काही पुढे जाईना. ताईला फोन केला, उद्याचा रिपोर्ट बघून मगच येते म्हटलं. "काऊन गं, येऊन नाही राहिली का?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाकाचा रिपोर्ट. पॉझिटिव्ह. मी! साधी शिंक नाही हो! तडक मॅडमना फोन लावला.

"तुमचं किट भंगार आहे!"

"थुंकी देण्याआधी काय केलं होतं?"

"काहीच नाही. फक्त चूळ भरली."

"किती जणांनी?"

"...सगळ्यांनी."

तिकडून लांब सुस्कारा. "म्हणजे आम्ही दिवसभर खडकवासल्याचं पाणी तपासलं. धरण निगेटिव्ह आहे, कळवते वर."

"मग चूळ नसती भरली तर सापडला असता?"

"तेच तर बघायला आलो होतो ना, बाई!"

पुढच्या वेळी त्यांनी बेसिनपाशी वॉचमन उभा केला.

मी खोलीत बंद. काकू दाराबाहेर ताट ठेवायच्या आणि "ताट घासून दे" एवढंच म्हणायच्या. ताईने व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलं. माझ्या अंगठ्याएवढी मूठ. गेले असते तर पहिली तीच तोंडात घातली असती मी, लाडाने. ताई हसत होती. मला काही हसू येईना.

तुमचं झालंय का असं? ठणठणीत होतात, निघालाच होतात, आणि कुणीतरी जिन्यात अडवलं? चिडलात ना त्यांच्यावर? आणि मग, थँक्यू म्हणालात का? मी अजून नाही म्हटलंय.