मुरमुऱ्यांचे पांघरूण

कोंढ्याच्या रुखमाबाईंची कुरडई म्हणजे गव्हाच्या चिकाने विणलेली शुभ्र जाळीच. १९७८ च्या उन्हाळ्यात जवाहरनगरच्या सुलोचनाबाईंनी कन्येच्या रुखवतासाठी ती मागवली आणि बजावले, "मोडकी एकही नको हं. वरपक्षाची माणसं निरखून पाहतात."

एवढी नाजूक वस्तू रुखमाबाईंनी आजवर गावाबाहेर धाडली नव्हती. परीक्षा म्हणून त्यांनी एक डबा यजमान जागेश्वरांच्या हाती देऊन एसटीने पवनीपर्यंत फिरवून आणला. उघडला तेव्हा आत निव्वळ चुरा होता.

"रुखवतात कुरडई मांडतेस का रवा?" जागेश्वर हसले.

दुसऱ्या खेपेस रुखमाबाईंनी थरांमध्ये भाताचे तणस घातले. कुरडया शाबूत राहिल्या, परंतु जाळीजाळीत काड्या रुतल्या.

"ह्या काड्या आता वरमाय काढन का?"

"तुमीच काढा. मुरमुरे खात बसण्याबिगर तुमाले दुसरं काम काय हाये?"

बोलता बोलता त्यांची दृष्टी पतीच्या मुठीवर खिळली. हलके, कोरडे मुरमुरे बोटांच्या फटींतून आपसूक निसटत होते.

"ते ताट द्या इकडं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी जागेश्वर उपाशीच राहिले आणि कुरडयांचा डबा मात्र मुरमुऱ्यांनी तुडुंब भरला.

लग्नघरी सुलोचनाबाईंनी पहिली कुरडई उचलली, तेव्हा रुखमाबाई डब्यावर वाकून पाहू लागल्या. मुरमुरे झरझर गळाले. जाळी अखंड, निर्मळ हाती आली. पाठोपाठ साऱ्या तशाच निघाल्या.

"हे आवरण फेकवत नाही हो, रुखमाबाई," म्हणत सुलोचनाबाईंनी मुरमुऱ्यांना फोडणी दिली, आणि रुखवत मांडता मांडता दोघींनी ते हसत फस्त केले.