डाळिंबावरचं पोळं

देवासला आमच्या घरामागे परसबाग होती. वैशाख लागला की तिथल्या हौदावर गांधीलमाश्या पाणी न्यायला येत. त्या वर्षी त्यांनी हौदाशेजारच्या डाळिंबावरच पोळं धरलं, आणि मला तेव्हा आठवा महिना होता.

गर्भारशी घरात असली की कुणाचं घरटं मोडायचं नाही, अंडीपिल्ली जाळायची नाहीत, हे सासूबाईंचं माहेरापासूनचं शास्त्र. माझ्या मुलीच्या पाठची दोन मुलं पोटातच गेली होती, त्यामुळे सासूबाई आता मुंगीलासुद्धा वाट देऊन चालायच्या. माळी म्हणाला, "बाईसाब, तम कहो तो आज सांझे जला दूँ." त्यांनी त्याला परसातून हाकलून दिलं. ह्यांना सांगावं, तर हे कचेरीत वाघ. आईसमोर मूग गिळून बसायचे.

मुलगी चार वर्षांची. उन्हाच्या तलखीत ती हौदाकडे धावायची; किती म्हणून धरून ठेवणार? एका दुपारी तिची किंकाळी ऐकू आली. मानेवर, ओठावर, पापणीवर डंख होते. आम्ही लोखंडाची किल्ली घासली, कांद्याचा रस लावला. तोंड सुजून डोळा मिटला आणि श्वास घशात घरघरू लागला. सासूबाई तिच्या उशाशी जप करत बसल्या. खोटं कशाला बोलू, त्याही रडत होत्या. पण मी "आता तरी पोळं काढू द्या" म्हटलं, तशा डोळे पुसून म्हणाल्या, "सूनबाई, पोटातल्याचा विचार कर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटाबाहेरची माझी नव्हती का?

मुलगी वाचली. ताप उतरताच पुन्हा हौदाकडे जाण्याचा हट्ट करू लागली. त्या दिवशी दिवेलागणीला माश्या पोळ्यावर गोळा झाल्यावर मीच काठीला चिंध्या गुंडाळल्या, घासलेटात भिजवल्या आणि पेटवून पोळ्याखाली धरल्या. कागद जळावा तसं ते जळालं. पांढऱ्या अळ्या हौदाच्या काठावर टपटप पडल्या. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

महिना भरायच्या आतच मी बाळंत झाले. मुलगा होता. रडलाच नाही. सुईण म्हणाली, गळ्याला नाळेचा वेढा बसला होता. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन उलट देऊन मोकळी झाले असते.

त्यानंतर मला मूल झालं नाही. मुलीला धारला दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिला न्हाऊ घालून मी तिचे केस विंचरत होते. मागे न वळता तिनं विचारलं, "आई, तू ते पोळं जाळलं नसतंस तर मला भाऊ असता का गं?"

"नाही," मी म्हणाले. पण त्याआधी माझा हात थांबला होता, आणि ते तिला कळलं.