सोफ्याच्या पोटातली अंगठी

स्वतःच्या लग्नात फोटो काढायची वेळ आली तेव्हा नवरामुलगा जागेवर नव्हता. शोधाशोध झाली. तो सापडला हॉलच्या शेवटच्या रांगेत, तोंडात खिळे धरून एका खुर्चीचा लुळा पाय ठोकत बसलेला. बसलेला तरी कसला, उकिडवा! नवरीने लांबूनच ओळखलं की आपलं पुढचं आयुष्य कसं जाणार.

तेव्हापासून बाजारात त्याचं नाव भिंगरी पडलं. माणूस सोफा दुरुस्तीचा. लोकांच्या बुडाखाली फोम भरायचा, पण स्वतःच्या बुडाला काटा. जेवताना ताटावरून उठेल, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्याच खुर्चीखाली वाकून पट्टे चाचपेल. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे उघडे सांगाडे, मधे काथ्या आणि गोणपाटाचे ढीग, मागे खिडकीपाशी बायकोचं शिवणयंत्र. ती कव्हरं शिवायची, आणि यंत्राच्या खडखडाटावरही ऐकू जाईल असं बोलायची.

धंदा बरा चालला होता. मग रस्त्याच्या टोकाला काचांचं मोठं दुकान आलं. नवा सोफा हप्त्यावर, आणि जुना तेच येऊन उचलून नेणार. आता स्प्रिंग बसवायला कोण येतो? सुट्टीला आलेली भाची म्हणाली, "मामा, तुम्ही गिऱ्हाइकांचं डोकं खाता ना, तेवढंच लिहून काढा. ब्लॉग करून देते. लोक वाचतील, नंबर बघतील, फोन करतील." तिने ब्लॉग करून दिला आणि ती आपल्या गावी निघून गेली.

भिंगरीने पहिला लेख लिहिला, चांगली स्प्रिंग कशी ओळखावी. तो दोघींनी वाचला, भाचीने आणि बायकोने. त्यातली बायको मधेच झोपली.

मग एका सोफ्याच्या पोटात कवळी निघाली. अख्खी, वरची. आजोबांनी ती हरवली म्हणून घरात सुनेशी भांडण केलं होतं, नवी करून घेतली होती, आणि जुनी इतकी वर्षं त्यांच्याच खाली बसून हसत होती. भिंगरीने ते सगळं लिहिलं, फोटोसकट. काय झालं कुणास ठाऊक, लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागला. "मिस्त्री, आमचाही सोफा उघडा हो, काय निघतंय बघू!" सोफा उघडला की लोक म्हणत, आता उघडलाच आहे तर फोमही बदला, कापडही बदला. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि भिंगरीच्या हातापायांत जी वळवळ होती ती आता बोटांत शिरली. दोन खिळे मारले की फोन बघ. किती लोकांनी वाचलं? कोण काय म्हणालं? बायको म्हणाली, "अहो, त्या फोनलाही चार खिळे मारा, म्हणजे एका जागी राहील."

पण सोफे काही रोज कवळी गिळत नाहीत. पुढच्या सांगाड्यांत निघाली ती धूळ, केसांच्या पिना, शेंगदाण्याची टरफलं. टरफलांवर कुणी किती लिहिणार? वाचणारे ओसरले. फोन गप्प. दुकान पुन्हा ऐसपैस दिसू लागलं, आणि रिकामं दुकान पाहिलं की हा उगाच सांगाडे इकडचे तिकडे सरकवी.

त्या दिवसांत मुख्याध्यापिका बाईंचा निळा मखमली सोफा आला. बाई निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, करड्या आवाजाच्या. भिंगरीने अस्तर फाडलं, हात कोपरापर्यंत घातला, कोपरा न् कोपरा चाचपला. पेन्सिलीचा एक तुकडा निघाला.

तो तुकडा हातात घेऊन तो दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्याने लिहिलं: एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या निळ्या सोफ्याच्या पोटात आज सोन्याची बारीक अंगठी सापडली. फोटो टाकत नाही, ज्याची त्याची खासगी वस्तू. कुणाची असेल? कुणावर तिचा आळ आला असेल?

संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले.

बायकोने वाचलं. यंत्र थांबवून विचारलं, "अंगठी कुठाय?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"गोष्ट आहे तर गोष्ट म्हणून लिहा. त्यात बाईंचा सोफा कशाला कोंबलात?"

"बाई कुठल्या ब्लॉग वाचतात?"

"उद्या काढून टाका."

"उद्या काढतो," तो म्हणाला. पण उद्या आणखी दोन सोफे आले, आणि काढायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं तोच खालून चपला दिसल्या. बाई. डोळे सुजलेले, साडी मात्र कडक इस्त्रीची.

"मिस्त्री, शेजारणीने दाखवलं मला. माझ्या आईची अंगठी ती." त्यांनी सांगाड्याच्या लाकडावर हात टेकला. "वहिनीने घेतली असं मी म्हटलं होतं. सगळ्यांदेखत म्हटलं. दादा तिला घेऊन वेगळा झाला. तो वारला तेव्हाही मी दारातूनच मागे फिरले. आत्ता तिच्याकडूनच येतेय. पाय धरले तिचे. म्हणाली, अंगठी आणा, एकदा डोळ्यांनी बघू दे. द्या."

नाटकात अशा वेळी दिवे तरी जातात. इथे लख्ख ऊन होतं.

"बाई, ती... घरी ठेवलीय. जोखमीची वस्तू. दुपारी घेऊन येतो."

बाई गेल्या. भिंगरी सोफ्याकडे धावला. पुन्हा हात घातला, गोणपाट ओरबाडलं, काथ्या उपसला, जमिनीवर पसरून बोटांनी चिवडला. जणू पुरेसा जोर लावून शोधलं की खोटंही खरं निघेल. बायको बघत होती. तिने स्वतःच्या बोटातली अंगठी काढली आणि यंत्राच्या फळीवर ठेवली.

"घ्या. बारीक आहे, सोन्याची आहे. द्या नेऊन. एवढंच राहिलं होतं."

त्याने अंगठी उचलली. दारापर्यंत गेला. मग मागे येऊन ती जिथे होती तिथेच ठेवली, आणि बाहेर पडला. तिने ती लगेच बोटात घातली. थोड्या घाईनेच.

बाईंच्या घरी सोफ्याच्या जागी फरशीवर चार पायांचे चार फिकट डाग होते, बाकी मोकळं. बाई एकुलत्या खुर्चीत बसून वाट पाहत होत्या. भिंगरीने उंबऱ्यातच सांगून टाकलं. सगळं, एका दमात, कवळीपासून.

बाई ओरडल्या नाहीत. ते फार वाईट होतं. हेड बाईंचं ओरडणं कळतं, गप्प बसणं कळत नाही. तो या पायावरून त्या पायावर झुलत राहिला.

शेवटी त्या उठल्या आणि चपला घालू लागल्या. "चला."

"कुठे?"

"वहिनीकडे. तुम्ही लिहिलंत ना, आता तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, सकाळची माफी मला जड झाली."

बसमध्ये जागा असून तो उभा राहिला.

वहिनी पहिल्या मजल्यावर राहत होत्या. कपडे वाळत घातलेल्या गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. थकलेल्या, वयाने बाईंहून मोठ्या. "आणलीत, वन्सं? बघू."

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. त्याने सांगितलं. या खेपेला दम लागला, शब्द अडकले, पण सांगितलं.

वहिनींनी हातातली शेंग टोपलीत परत टाकली. "म्हणजे अंगठी सापडलीच नाही."

"नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी पुन्हा चोर."

भिंगरीला वाटलं, जिना उतरून पळत सुटावं, थेट दुकानात जावं, काहीतरी ठोकावं. पण बाई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांना ओलांडून जायला वाट नव्हती.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही घेतली नव्हती."

"कशावरून?"

"कशावरूनही नाही. तेव्हा तरी माझ्याकडे काय होतं? न बघता म्हटलं, घेतलीत. आता न बघताच म्हणते, नाही घेतलीत."

"मग सकाळी हे का नाही बोललात?"

"सकाळी माझ्याकडे पुरावा होता ना!"

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. रडतायत की काय म्हणून भिंगरी पुढे सरकला, तर त्या हसत होत्या. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, खोकला येईपर्यंत. "काय बाई तरी वन्सं तुम्ही. या आत. दारात कशाला उभ्या?"

बाई आत आल्या. टोपलीपाशी टेकल्या. सवयीने एक शेंग हातात घेतली.

"मी ते लगेच पुसतो," भिंगरी म्हणाला.

"पुसायचं नाही," बाई म्हणाल्या. "पुसलेलं कुणाला कळत नाही. खाली लिहायचं. इथेच, माझ्यासमोर."

त्याने गॅलरीच्या कठड्याला टेकून लिहिलं. निळ्या सोफ्यात स्प्रिंगा, काथ्या, धूळ आणि पेन्सिलीचा तुकडा होता. अंगठी नव्हती. मी खोटं लिहिलं. बाईंनी वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त करायला लावला. मग त्याने बटण दाबलं, आणि तिघंही त्या फोनकडे बघत बसले, जणू तो आता फुटणार.

थोड्या वेळाने वाजला. उद्या येणारा सोफा येणार नव्हता. मग पुन्हा वाजला. तोही नाही. तिसरा फोन बायकोचा होता. तिने वाचलं होतं. "या घरी," एवढंच म्हणाली. आवाज मात्र सकाळचा नव्हता.

"निघतो मी," भिंगरी म्हणाला. "बाई, आता हातात दुसरं कामच नाही. तुमचा सोफा उद्याच करून पोचवतो. बसायला काही नाही तुमच्या घरी."

बाई काही बोलणार, तोच वहिनींनी मटाराची टोपली त्यांच्याकडे सरकवली.

"सावकाश करा," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "त्या बसतील इथे."