तांदळातलं नाव

भावनाने स्वतःचा फोटो टेबलावर उलटा ठेवला होता आणि दोन्ही कडांवर बोटं दाबून धरली होती. फोटो गुळगुळीत. पेन टेकवलं की सरकायचा.

समोर गुरुदत्त बसला होता, भावनाच्या नवऱ्याचा, हृषिकेशचा, कॉलेजपासूनचा दोस्त. धंद्याने अकाउंटंट. सिटिझनशिपच्या अर्जाला असा एक माणूस लागतो. तो ऑस्ट्रेलियन नागरिक पाहिजे, नात्यातला नको, वर्षभर तरी तुम्हाला ओळखणारा हवा. वर काम ठरावीक यादीतलं, म्हणजे नर्स, शिक्षक, अकाउंटंट असलं काहीतरी. त्याने फोटोच्या मागे लिहून द्यायचं की हा फोटो अमक्याचाच आहे, आणि सही ठोकायची. दोन मिनिटांचं काम.

गुरुदत्तने अर्धी ओळ भराभर लिहिली. पुढे नाव लिहायचं होतं. उर्वी हृषिकेश खटावकर. पहिलं अक्षर काढलं आणि पेन तिथंच थांबलं.

"काय रे, चालत नाही का?" हृषिकेशने ओट्याजवळून विचारलं. तो चहा गाळत होता.

"चालतंय."

पेन पुढे गेलं नाही. गुरुदत्त उठला, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आला तेव्हा तोंड ओलं आणि डोळे लाल.

"वहिनी, सॉरी. मला नाही जमणार हे. दुसरं कुणीतरी बघा."

चहा तसाच ठेवून तो गेला. हृषिकेशने काही विचारलं नाही, भावनानेही नाही. विचारायचं काय? दोघांना माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वी ह्याच घरात, सिडनीतल्या क्वेकर्स हिलमधल्या ह्याच टेबलावर गुरुदत्तने हीच ओळ लिहिली होती. नाव हेच, पत्ता हाच. फोटो तेवढा दुसरीचा. ती उर्वी म्हणजे हृषिकेशची पहिली बायको. तिचा अर्ज झाला, टेस्ट झाली, सगळं पास. मग पोट दुखायला लागलं आणि चार महिन्यांत ती गेली. मागे राहिली सहा वर्षांची श्रिया.

आता कुणी म्हणेल, एका घरात दोन बायका, एकच नाव, हा कसला योगायोग? योगायोग बियोगायोग काही नाही. तो हृषिकेशच्या हाताने झालेला घोळ आहे.

भावना मूळची कराडची. बीकॉम झालेली, पतपेढीत नोकरी, वय बत्तीस. म्हणजे लोकांच्या भाषेत 'राहिलेली'. बिजवर स्थळ आलं, सिडनीतलं, एक मुलगी असलेलं. माणूस बरा वाटला, हो म्हणाली. लग्न झालं, पुण्यात सासरी लक्ष्मीपूजन झालं. आपल्याकडे तेव्हा नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. खरंतर बदलायचं नाही असंच ठरलं होतं. सासूबाई आदल्या दिवशी स्वतः म्हणाल्या होत्या, "भावना चांगलंय की, तेच लिही."

हृषिकेशने अंगठी धरली आणि लिहिलं, उर्वी.

त्याच्या हाताने आधी एकदा ताटात नाव लिहिलं होतं, तेच परत लिहिलं. त्याला स्वतःला कळलं नाही. कळलं तेव्हा भटजींनी वाकून वाचलं होतं. भटजी नवे, त्यांना घरातलं काय माहीत! मोठ्याने म्हणाले, "उर्वी! वा, छान नाव!" एक आत्या रडायलाच लागली. भावना अंतरपाटाइतक्या अंतरावर बसली होती. तिने ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राख झाला होता. त्याने हात पुढे केला, पुसायला. सासूबाईंनी मनगट धरलं.

"तांदळातलं नाव पुसत नाहीत. लिहिलं ते लिहिलं. घराला सवय आहे त्या नावाची."

झालं. पेढे वाटले. तेच नाव मॅरेज सर्टिफिकेटवर चढलं, तिथून पासपोर्टवर, तिथून व्हिसावर. लग्नाला एकच रात्र झाली होती आणि भावनाच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव चढलं होतं.

सिडनीत आली तर घरभर ती पहिली. डब्यांवर चिकटपट्ट्या, 'ओवा', 'मेथी', 'तिखट (आईकडचं)', सगळं तिच्या अक्षरात. भावना मसाले बदलायची, पट्ट्या काढायची नाही. केमिस्टकडे गेली, नाव सांगितलं, तर काउंटरवरची पोरगी हसून म्हणाली, तुमचं अकाउंट आहे की आमच्याकडे, जन्मतारीख चुकलीय फक्त, अपडेट करू का? भावना दुकानातून तशीच बाहेर आली. खोकल्याचं औषध न घेता.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला कुणी हाकच मारायचं नाही. गणपतीला, हळदीकुंकवाला सगळे भेटायचे, चांगलं बोलायचे, पण नाव कुणाच्या तोंडातून निघायचं नाही. वहिनी. अगं. ऐक ना. एकदा केलीव्हिलच्या एका बाईने जीव एकवटून "उर्वी, पुरणपोळी घे ना" म्हटलं आणि स्वतःच ताट ठेवून वॉशरूमला पळाली. हृषिकेशचंही तेच. पाच वर्षं 'अगं'. कराडला आई फोनवर भावनाचं 'भाऊ' करायची, तेवढंच काय ते. आणि श्रिया? तिने पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं, "दॅट्स माय मम्स नेम. आय ॲम नॉट कॉलिंग यू दॅट." ती 'बी' म्हणायची. नुसतं बी, भावनातलं पहिलं अक्षर. लोकांना ते उद्धट वाटायचं. भावनाला नाही वाटलं कधी. घरात खरं बोलणारी ती एकटीच होती.

पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला तो लग्नाच्या जोरावर. त्या कागदांत सगळीकडे हृषिकेशची बायको, त्याचं घर, त्याचे फोटो, त्याच्या मित्रांची पत्रं. सिटिझनशिपच्या अर्जाचं वेगळं होतं. तिथे नवऱ्याने काही सिद्ध करायचं नव्हतं. ती इथे राहिली, तिने टेस्ट द्यायची, तिने शपथ घ्यायची. भावनाला तो अर्ज हवा होता तो म्हणून. आणि त्या एकाच गोष्टीवर नाव कुणाचं येणार होतं?

गुरुदत्त उठून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती फॉर्म घेऊन कामावर गेली. एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये ती आठवड्यातले चार दिवस काम करायची. इंटरव्ह्यूला मॅनेजरने विचारलं होतं, तुला आम्ही काय म्हणू? असं तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं. तिने भावना सांगितलं. बॅजवर तेच आलं.

तिथली दीप्ती म्हणजे रजिस्टर्ड नर्स. नागपूरची, पंधरा वर्षं सिडनीत, तोंड मात्र नागपुरातच राहिलेलं. शिफ्ट संपून ती गाडीकडे निघाली होती. भावना ॲप्रनवरच मागे धावली.

"काहून पळून राहिली एवढी? कुणी गचकलं का?"

"नाही गं. सही पाहिजे एक."

दीप्तीने गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला, चष्मा लावला, वाचला. परत वाचला.

"ही उर्वी कोण?"

"मी."

"तू भावना. तीन वर्षं झाले, तुझ्या हातचा चहा पिऊन राहिली मी. उर्वी नावाच्या कुठल्या बाईला मी ओळखत नाही."

"कागदावर तेच आहे गं."

"मग कागदावरच्या बाईला ओळखणारं कुणी शोध."

भावनाने तिथेच, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तांदूळ, अंगठी, गुरुदत्त, सगळं. इतकी वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. दीप्तीने मधे एक शब्द काढला नाही. हे तिच्यासाठी विक्रमच म्हणायचा.

"बाप रे," ती शेवटी म्हणाली. "अन् तू गप बसली?"

"नवी नवरी काय बोलणार?"

"तेव्हाचं सोड. आता किती नवी आहेस? पाच वर्षं? अजून हळद उतरली नाही का?" तिने फॉर्म घडी घालून परत दिला. "ऐक. उद्या शपथेच्या समारंभात तो मेयर स्टेजवरून नाव पुकारेल. उर्वी. तेव्हा कोण उठणार, तू का ती?"

भावना बसने घरी आली आणि तडक खणांना भिडली. तिला तिचा जन्मदाखला हवा होता. दाखला सापडायच्या आधी एक पाकीट सापडलं, कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं. आत पत्र होतं. प्रिय उर्वी हृषिकेश खटावकर, अभिनंदन, तुमच्या नागरिकत्वाचा समारंभ अमक्या तारखेला आहे. पत्ता ह्याच घराचा.

एक क्षण तिला वाटलं, आपलंच आलं. अर्ज न करताच आलं. मग तारीख पाहिली. सात वर्षांपूर्वीची. पहिली उर्वी गेल्यावर पाच आठवड्यांनी आलेलं पत्र. हृषिकेशने उघडून परत तसंच ठेवलं होतं.

ती ते हातात घेऊन जमिनीवर बसून राहिली. घरात कुणी नव्हतं. पण सांगायचं तर घरात कुणी नाही असं तिला कधी वाटलंच नव्हतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मागे कुणीतरी उभं असल्यासारखं असायचं. रागाने नाही. आपली वस्तू परत मागायला आलेलं माणूस दारात थांबतं, तसं. मागायची लाज वाटते म्हणून नुसतं थांबतं.

हृषिकेश पॅरामॅटाच्या ऑफिसातून आला तेव्हा पत्र टेबलावर होतं, शेजारी जन्मदाखला. त्याने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"हे कुठून काढलंस?"

"मी नाव बदलून घेणार आहे. सरकारी. आधी भावना होणार, मग अर्ज करणार."

"अगं, पण आता कशाला? त्यात महिने जातील. पासपोर्ट, लायसन्स, सगळं परत. आईला काय सांगू?"

"अगं नाही. भावना."

त्याने बॅग खाली ठेवली.

"म्हण ना. पाच वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस. ते नको असेल तर हे म्हण. उर्वी म्हण मला. माझ्याकडे बघून म्हण."

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी मुद्दाम नव्हतं केलं. शपथ. हात गेला. मी पुसणार होतो."

"माहितेय मला. मी बघितलं होतं. पुसलं नाहीस पण."

"मला वाटायचं, ते नाव बदललं तर ती..."

श्रिया जिन्यावर उभी होती. तेरा वर्षांची पोर, शाळेच्या युनिफॉर्मवरच, हातात टोस्ट.

"बाबा, इट्स मम्स. गिव्ह इट बॅक."

"श्रिया, तू वर जा."

"नो. बीला काय म्हणायचं ते मला कधीच कळलं नाही बिकॉज ऑफ यू. माझ्या फ्रेंड्सना मी काय सांगू, माझ्या दोन्ही मम्सचं नाव सेम आहे? दॅट्स क्रीपी, बाबा." आणि टोस्ट खात खात ती वर गेली. पायऱ्यांवर चुरा पडला.

हृषिकेशने टेबलावरचं पत्र उचललं, पाकिटात घातलं आणि ते वर नेऊन श्रियाच्या खोलीत ठेवून आला. मग खाली येऊन लॅपटॉप उघडला आणि विचारलं, नाव बदलायला कुठले कागद लागतात.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. त्या रडल्या, म्हणाल्या तांदळाचा अपमान होतो. भावना म्हणाली, "आई, तांदूळ त्याच आठवड्यात शिजवून खाल्ले आपण."

महिने गेलेच. नाव बदललं, पासपोर्ट बदलला. मग अर्ज. दीप्तीने किचनच्या स्टीलच्या ओट्यावर फोटोमागे लिहिलं, भावना हृषिकेश खटावकर, आणि सहीखाली इतकी जोरात रेघ मारली की ती फोटोच्या पुढच्या बाजूला उमटली. "आता कर मला एक चहा, आलं टाकून." मधलं नाव भावनाने ठेवलं. दीप्तीने त्यावरूनही टोमणा मारला. भावना म्हणाली, "तो नवरा आहे माझा. भूत नाही."

समारंभाला ती ओळीत बसली होती. मेयरने नाव वाचलं, अडखळत, पण भावनाच वाचलं. ती उठली. शेजारची खुर्ची रिकामी होती, कुणीतरी आलंच नव्हतं. भावनाने दोनदा वळून तिच्याकडे पाहिलं.

पुढे वर्षभराने गुरुदत्तने एक सांगितलं. पहिलीचंही माहेरचं नाव उर्वी नव्हतं. मधू होतं. अर्ज भरताना तिने त्याला विचारलं होतं, सर्टिफिकेटवर मधू येईल का रे? त्याने सांगितलं होतं, आधी सिटिझनशिप होऊ दे, नाव काय, नंतर कधीही बदलता येतं.